छातीएवढं टेबल

मला आयुष्यात सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली असं कुणी विचारलं, तर मी साप, भूत किंवा साहेब यांच्यापैकी कुणाचंच नाव घेणार नाही. मी एका टेबलाचं नाव घेईन. सागवानाचं, माझ्या छातीपर्यंत येणारं, वरून किंचित उतरतं, आणि ज्याच्या आसपास बसायला साधा पाटसुद्धा नाही असं टेबल. लोक हसतील, खुशाल हसोत. त्यांना दिवसाचे आठ तास त्याच्यापुढे उभं राहावं लागलं नव्हतं.

राज्यं नव्यानं आखली जात होती तेव्हाची ही गोष्ट आहे. तोवर आमची, म्हणजे पांढुर्णा-सौंसरकडच्या माणसांची, राजधानी नागपूर होती. आता नागपूर मुंबई राज्यात जाणार आणि आम्ही मात्र मध्यप्रदेशातच राहणार असं ठरलं होतं. राज्याचं नाव तेच, फक्त राजधानी उचलून भोपाळला नेलेली. आमच्या गावागावांचे शेतांचे जुने नकाशे नागपूरच्या दप्तरात होते आणि ते तिथेच राहणार होते. म्हणून ते काही महिन्यांसाठी मागवून त्यांच्या नकला उतरवून घ्यायच्या, यासाठी सौंसरला एक तात्पुरतं दप्तर उघडलं. दप्तर म्हणजे सरकीचं रिकामं कोठार. भिंतींना सरकीचा वास, खिडक्यांना जाळ्या, आणि मधोमध ती तीन उंच टेबलं.

एका टेबलावर बडे बाबू, म्हणजे आमचे मुख्य नकलाकार. दुसऱ्यावर छिंदवाड्याकडचा एक माझ्याच वयाचा माणूस, जो उभ्या उभ्या डुलकीसुद्धा काढायचा. तिसरं माझं. काम संपलं की आम्हा दोघांतला एकच जण कायम होणार, हे बडे बाबूंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मी भीतभीत विचारलं, की खुर्ची कुठे मिळेल?

"बसून काम करायचं असन त दुकान टाका," ते म्हणाले. "इथं उभंच राहा लागते."

त्याला कारण होतं, ते मला पुढे समजलं. नकाशा ज्याच्यावर उतरवायचा ते कापड निळसर, भरपूर खळ दिलेलं आणि आरपार दिसणारं असे. मूळ नकाशावर ते ताणून बसवायचं आणि खालची प्रत्येक रेघ वरून काळ्या शाईनं गिरवायची. या कापडाचं पाण्याशी हाडवैर. घामाचा एक थेंब पडला की तिथे पांढरा डाग उठायचा आणि सगळा भाग सुरकुतायचा. बसलेला माणूस कोपर टेकतो, कोपराला घाम येतो, आणि तीन आठवड्यांचं काम वाया जातं. म्हणून उभं राहायचं, कपाळाला दुपट्टा बांधायचा, आणि कापडाला फक्त टाक, पट्टी आणि दोन बोटं लावायची.

मी पांढुर्ण्याच्या एका शाळामास्तरांचा मुलगा. जन्मभर मांडी घालून बसलेला. अभ्यास मांडीवर, जेवण मांडीवर, गप्पासुद्धा मांडी ठोकून. आणि त्यात एक गोष्ट अशी होती की जी मी कुणालाच सांगितली नव्हती. शाळेत प्रार्थनेला उभं राहिलं की मला चक्कर यायची. दोनदा तर मी सरळ तोंडावर पडलो होतो. मुलांनी त्यावरून मला जे नाव ठेवलं होतं ते मी इथे लिहिणार नाही, कारण अजूनही त्याचा राग येतो. नोकरीच्या तपासणीत डॉक्टरांनी विचारलं होतं, कधी भोवळ येते का? मी नाही म्हणालो होतो. त्या नाहीवर माझी सही होती.

म्हणजे माझी नोकरी माझ्या दोन पायांवर आणि एका खोट्यावर उभी होती. पडलो की दोन्ही उघडी.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत तळवे पेटले. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या, तिसऱ्या दिवशी कंबर. आठवड्याभरात पाय असे सुजले की चपलेच्या पट्ट्याचा ठसा सकाळपर्यंत जाईना. माझी बायको तेव्हा पहिलटकरीण होती आणि तिचेही पाय सुजत होते. संध्याकाळी आम्ही दोघं खोलीत समोरासमोर पाय सोडून बसायचो, मधे मिठाच्या कोमट पाण्याची एक परात, आणि आधी कुणाचे पाय बुडवायचे यावर भांडायचो. बहुतेक वेळा ती जिंकायची, आणि जिंकायलाच हवी होती.

तिचं म्हणणं सरळ होतं. तिच्या वडिलांची पांढुर्ण्याला संत्र्यांची आडत होती, आणि त्यांनी मला लग्नाच्या पंगतीतच विचारलं होतं, की गादीवर बसायला कधी येता? तिथे लोड होता, तक्क्या होता, समोर पानाचा डबा होता. पण मला ठाऊक होतं की मी एकदा त्या गादीवर बसलो की जावई म्हणून नव्हे, नोकर म्हणून बसेन आणि मेल्याशिवाय उठणार नाही. मला हे असं त्यांच्या मुलीला सांगता येईना. मी एवढंच म्हणायचो, की कायम होऊ दे, मग बघू.

मी दप्तरात घड्याळाकडे बघत उभा राहायचो. चक्कर येण्याआधी मला नेहमी कानांत माश्या घोंघावल्यासारखं ऐकू येई. त्यामुळे दिवसभर मी कामापेक्षा स्वतःच्या कानांकडेच जास्त लक्ष देत होतो. खरी माशी आली तरी मी दचकायचो. ही भीती मोठी मूर्ख असते, ती माणसाला त्याच गोष्टीकडे ढकलते. मी पडू नये म्हणून गुडघे घट्ट ताठ करून उभा राहायचो, सैनिकाला लाज वाटेल असा.

बडे बाबूंनी ते पाहिलं होतं. त्यांच्या पायाशी एक वीट असे. एक पाय विटेवर, एक जमिनीवर, आणि नकाशाचा एक पट्टा पुरा झाला की पाय बदलायचा. जाताना ते ती वीट फडक्यानं पुसून भिंतीशी ठेवायचे. एक दिवस ते मला म्हणाले, की गुडघे असे ताठ ठेवू नको, त्यानं रक्त खालीच राहतं, जरा सैल सोड आणि एक वीट घे. मी मान हलवली आणि वीट घेतली नाही. का? कारण शेजारच्या टेबलावरचा माणूस विटेशिवाय उभा होता. त्याला वीट लागत नाही आणि मला लागते, हे बडे बाबूंच्या मनात नोंदलं जाईल, असं मला वाटलं. वीट घेणं म्हणजे अर्धं पडणंच, असा माझा हिशेब. एवढा गाढवपणा मी त्याआधी आणि त्यानंतर कधी केला नाही.

अश्विनातलं ऊन कसं असतं ते आमच्याकडच्यांना सांगायला नको. पाऊस सरलेला, थंडीचा पत्ता नाही, आणि पत्र्याखाली भट्टी पेटलेली. महिनाअखेर मूळ नकाशे नागपूरला परत जायचे होते, म्हणून कामाची घाई होती. मी मोहगावकडच्या एका गावाचा नकाशा उतरवत होतो. एकशे तेरा नंबरचं वावर होतं, चांगलं लांबरुंद, एका कोपऱ्यात विहिरीची खूण. त्याच्या कडेचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, मी गिरवत होतो. बडे बाबू तार करायला गेले होते. शेजारचा मागे माठापाशी पाणी पीत होता.

कानांत माश्या आल्या.

मी डोळे मिटले असावेत. किती वेळ, सांगता येत नाही, पण फार नव्हे. शुद्ध आली तेव्हा डाव्या हातानं मी टेबलाची कड धरली होती. मी पडलो नव्हतो. पहिला विचार हाच आला, की पडलो नाही, आणि देवाशपथ सांगतो, मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं हसलो असतो. मग मी कापडाकडे पाहिलं.

डावा हात सुटल्यावर पट्टी वावरात तिरकी सरकली होती, आणि उजव्या हातातला टाक तिच्या कडेनं घसरत गेला होता. एकशे तेरा नंबरच्या वावरातून, एका धुऱ्यापासून थेट समोरच्या धुऱ्यापर्यंत, एक काळी रेघ. वाकडी आली असती तर मी वाचलो असतो. वाकड्या रेघेला कुणी धुरा म्हटलं नसतं, ती चूक म्हणून दिसली असती आणि मला बोलावंच लागलं असतं. पण पट्टीमुळे ती सरळ आली होती, सुरेख, माझ्या हातची सगळ्यात चांगली रेघ.

पात्यानं खरवडून रेघ काढता यायची, पण ते काम फक्त बडे बाबू करायचे आणि आधी कारण विचारायचे. मी काय सांगणार होतो? टाक घसरला? ते म्हणाले असते, का घसरला? माझ्याकडे त्याच्यापुढचं उत्तर नव्हतं. जे होतं ते दिलं की मी पांढुर्ण्याच्या गादीवर. मी शाई वाळू दिली. वावराचा नंबर मी आधीच रेघेच्या एका बाजूला लिहिला होता, दुसऱ्या बाजूचा, विहिरीचा तुकडा बिननंबरी राहिला. संध्याकाळी बडे बाबूंनी नेहमीप्रमाणे नंबर मोजून घेतले. नंबर बरोबर भरले. त्यांनी सही केली. आठवड्यानं मूळ नकाशे पेटीत भरून नागपूरच्या मोटारीवर चढवले, तेव्हा मी दोरी आवळायला मदत केली.

दुसऱ्याच दिवशी मी वीट आणली. कुणी काही म्हटलं नाही. शेजारच्यानं तर आठवड्यात स्वतःही एक आणली. पाय आलटूनपालटून ठेवायचे, गुडघे सैल सोडायचे, अनवाणी उभं राहायचं तर खाली पोतं घालायचं, दर पट्ट्याला टाचा दोनदा उचलायच्या. एवढंच होतं ते सगळं. महिन्याभरात सूज गेली. कानांत पुन्हा माश्या आल्या नाहीत. मी घरीसुद्धा खिडकीशी उभा राहून वर्तमानपत्र वाचू लागलो, तेव्हा बायको म्हणायची, आता बसा, इथं बडे बाबू नाहीत.

पण भीती पायांतून निघाली ती गेली कुठेच नाही, वर छातीत येऊन बसली. नोव्हेंबर उजाडला, नवं राज्य आलं. चौकात मोठी माणसं तावातावानं बोलत, की दिल्लीत कुणीतरी नकाशावर रेघ ओढली आणि आपण इकडे राहिलो, आपल्याला कुणी विचारलं का? मला ते ऐकलं की घाम फुटायचा. मी मान खाली घालून पुढे जायचो. लोकांना वाटायचं, हा सरकारी माणूस आहे म्हणून बोलत नाही.

मी कायम झालो. रेघा स्वच्छ येतात, असं बडे बाबूंनी माझ्याबद्दल वर लिहिलं होतं. शेजारचा छिंदवाड्याला परत गेला, जाताना मला भेटून गेला आणि मला त्याच्या डोळ्यांना डोळे देता आले नाहीत. आम्हाला मुलगी झाली. सासऱ्यांनी संत्र्यांची पेटी पाठवली. सगळं नीट चाललं होतं, आणि मी रोज सकाळी दप्तराचं दार उघडताना आधी आत कोण उभं आहे ते पाहायचो.

उन्हाळ्यात ते दोघं आले. नवरा-बायको, कडेवर एक लेकरू. नवरा टोपी हातात घेऊन म्हणाला, की गावचा नवा नकाशा पाहायचा आहे. त्यानं नाव घेतलं ते मोहगावकडच्या त्याच गावाचं. त्यानं जे सांगितलं ते थोडक्यात असं. दोघे भाऊ वेगळे निघाले होते. वाटणीला पटवारी आला तो आमची नवी नक्कल घेऊन. त्यांच्या वावरात मधोमध धुरा दाखवलेला, आणि पलीकडच्या तुकड्याला नंबरच नाही. पटवाऱ्याला वाटलं, तुकडा पूर्वीच वेगळा झाला असेल, नंबर पडायचा राहिला असेल. त्यानं नंबर टाकला आणि वाटणी त्याच रेघेवर झाली. विहिरीचा तुकडा थोरल्याला गेला. धाकट्यानं, म्हणजे यानं, सरकारी कागद म्हणून मान्य केलं आणि दोघा भावांनी मिळून त्या रेघेवर मातीचा धुरा घातलासुद्धा.

मान्य केलं नव्हतं ते त्याच्या बायकोनं. तिला तो कागद स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा होता, म्हणून ती नवऱ्याला ओढून घेऊन आली होती. मी नकाशा टेबलावर उलगडला. ती बुटकी, टेबल तिच्या गळ्याशी येत होतं. मी माझी वीट तिच्याकडे सरकवली. लेकरू नवऱ्याकडे देऊन ती विटेवर चढली आणि बराच वेळ बघत राहिली. कापडाला हात लावू नका, असं बडे बाबू त्यांच्या टेबलावरून म्हणाले. तिनं हात मागे बांधले.

"इथं धुरा नाई," ती म्हणाली. "सात साल झाले, मी हे वावर निंदून राहिली. या टोकापासून त त्या टोकापर्यंत सरळ एकच ओळ जाते."

नवऱ्यानं तिला गप्प केलं. सरकारी नकाशा आहे, म्हणाला. बडे बाबूंनी मान वर न करता त्याची री ओढली. बाई, या बाबूची रेघ चुकत नाही, ते म्हणाले, मी इतकी वर्षं हे काम करतो आहे, असा हात पाहिला नाही. ते मनापासून बोलत होते आणि मला वाटलं, जमीन फाटेल तर बरं.

मी नकाशा गुंडाळू शकलो असतो. कुणी अडवलं नसतं. घरी चार महिन्यांची मुलगी होती, नोकरी कायम होती, आणि त्या कापडावर सही माझी नव्हती, बडे बाबूंची होती. मी बोललो तर तेही माझ्याबरोबर बुडणार होते. मी कड उचललीसुद्धा. ती विटेवरून उतरली आणि भांडणाच्या सुरात नाही, अगदी हळू म्हणाली,

"इहीर त्यायची असन त राहो, बाबू. पन रोज इचारा लागते. घागर घेऊन धुऱ्यावर उभं राहा, जाऊबाईनं हाव म्हटलं त जा. तिचं डोकं फिरलं त ते म्हनते, आज नको नेऊ. मंग मी परत येते. तुमी एवढंच सांगा, जुन्या कागदावर होता का हा धुरा?"

मला इतकी भीती तर प्रार्थनेच्या रांगेतही वाटली नव्हती.

"नव्हता," मी म्हणालो. "ही रेघ माझी आहे."

बडे बाबूंचा टाक थांबला. मी सगळं सांगितलं, शाळेतल्या चकरांपासून. डॉक्टरांना खोटं बोललो ते, वीट घेतली नाही ते, शाई वाळू दिली ते. सांगताना मी त्यांच्याकडे पाहत नव्हतो, टेबलाकडे पाहत होतो. ते माझ्या जवळ आले, कापडावर वाकून रेघ पाहिली, आणि एवढंच म्हणाले, की मूळ नकाशा आता दुसऱ्या राज्यात आहे. मग ते दाराच्या उंबऱ्यावर जाऊन बसले. दप्तरात त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुढे व्हायचं ते झालं. चौकशी झाली, माझी बढती अडली, बडे बाबूंना ठपका मिळाला, आणि त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. नोकरी राहिली, ती कुणाच्या दयेनं ते मला कधी कळलं नाही. सौंसरहून नागपूर सकाळच्या मोटारीनं गाठता येतं, पण कागदाला छिंदवाडा, भोपाळ, मुंबई असं फिरून जावं लागलं. तो परत येऊन विहीर दोघा भावांच्या सामाईक नावावर पडेपर्यंत आणखी दोन उन्हाळे गेले. त्या दोन्ही उन्हाळ्यांत ती घागर घेऊन धुऱ्यावर उभी राहिली असणार. मी कधी पाहायला गेलो नाही. जायची हिंमत झाली नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी बडे बाबू उंबऱ्यावर बसलेले, नवरा टोपी चुरगाळत उभा. तिनं लेकरू परत कडेवर घेतलं. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, खालपासून वरपर्यंत, आणि विचारलं, की रेघ ओढली गेली त्या दिवशी मी पडलो होतो का? मी म्हणालो, नाही, टेबल धरलं म्हणून वाचलो. पडलो असतो तर नोकरी गेली असती.

तिनं पदर सावरला. मग म्हणाली, "तुमी पडले असते त बरं झालं असतं, बाबू."